पुढच्या वर्षी म्हणणाऱ्या मुलीस

मेहकर,
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

रुपाली,

रविवार, ४ जानेवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे पुढे तुला 'नक्की आठवत नाही' असं म्हणायची सोय राहणार नाही. त्या वेळी माझ्या फोनवर तुझा निरोप आला. 'मॅडम, मी आता येत नाही. या वर्षी बायो देत नाही. पुढच्या वर्षी पाहू. सॉरी.' आणि त्यापुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

तू दहाला यायची होतीस. अंगणात ऊन येतं त्या बाजूला मी टेबल ओढून ठेवलं होतं. चहा दोघींचा झाला होता. दोन्ही कप मीच प्यायले, कारण वाया घालवायची मला सवय नाही, आणि संध्याकाळपर्यंत पित्तानं डोकं धरून बसले. त्याचाही दोष तुझ्याकडेच येतो.

फोन लावला तर वाजून वाजून थांबला. दुसऱ्यांदा लावला तर बंद. म्हणून जानेफळला तुझ्या आईला लावला. वंदना म्हणाली, "मॅडम, थे तं कालच सुलतानपूरले गेली, विमलआत्याकडं. शेडनेटमंदी कंपनीच्या बियान्यासाठी टमाट्याचं क्रॉसिंग चालू हाय नं. मले वाटलं तुमाले सांगून गेली." म्हणजे आईला वाटलं मला माहीत आहे, मला वाटलं तू एसटीत आहेस, आणि तू आत्याच्या शेडनेटमध्ये टोमॅटोच्या कळ्यांमागे लपून बसलीस.

मी सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले. वडील मलकापूर स्टेशनवर कामाला होते, आणि आपली मुलगी स्टेशनमास्तरांच्या मुलींसारखं इंग्रजी बोलली पाहिजे, एवढा एकच हट्ट त्यांनी जन्मभर केला. त्या शाळेत ज्या मुलीला वर्गातून जायचं असेल तिनं उभं राहायचं, कारण सांगायचं आणि 'जा' म्हणेपर्यंत थांबायचं. तू यातलं काहीही केलं नाहीस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. पत्र पोस्टमन हातात देतो. ते बंद करून ठेवता येत नाही.

जुलैमध्ये तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुझं पुस्तक पाहून मला वाटलं, यावर हळद सांडली आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ओळ पिवळ्या पेनानं रंगवलेली. मी विचारलं, यातलं महत्त्वाचं कोणतं? तू म्हणालीस, "सगळंच हाय नं, मॅडम." मी पुस्तक मिटून माझ्या मांडीखाली ठेवलं आणि म्हटलं, हृदयाचं चित्र काढ. तू छताकडे पाहत बसलीस. मग म्हणालीस, "पाच खेपा वाचलं व्हतं."

वाचलं होतंस. अभ्यास केला नव्हतास. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण त्या बाईचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, तशी तुझी आणि त्या पुस्तकाची ओळख होती. त्या दिवसापासून पिवळं पेन माझ्या कपाटात आहे. त्यानंतर आपण काय केलं ते तुला माहीत आहे. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर निळ्या शाईनं आठवेल तेवढं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईनं भरायचं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आठवड्यानं पुन्हा तेच. पहिल्या कागदावर लालच लाल होतं. दिवाळीपर्यंत निळं वाढत गेलं. मी ते कागद एकापुढे एक ठेवून तुला दाखवले तेव्हा तू फक्त पेढा खाल्लास.

त्याच दिवशी मी विचारलं होतं की तुला हे सगळं कशासाठी करायचं आहे. मला वाटलं, सगळ्या मुली सांगतात तसं नर्सिंग म्हणशील. तू म्हणालीस, "कंपनीचा माणूस येते, आत्याचं बी डबीत टाकून नेते, अन् महिन्यानं फोन करते का फेल झालं म्हणून. थ्या डबीचं तिकडं काय करतात थे मले पाहाचं हाय." कृषी पदवीला जायचं, बियाण्याच्या प्रयोगशाळेत बसायचं. मी इतकी वर्षं शिकवलं, पण जीवशास्त्र घेण्याचं इतकं सरळ कारण मला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं.

आणि आता 'पुढच्या वर्षी पाहू'. कोणी पाहायचं? तुझा बारावीचा पेपर फेब्रुवारीच्या शेवटी आहे. वेळ आहे. कारण कळव.

आशीर्वाद या पत्रात नाहीत.

धम्मशीला मॅडम


मेहकर,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

रुपाली,

उत्तर नाही. ठीक.

हा कागद नव्या वहीतला आहे आणि तो असा का दिसतो हे आधीच सांगते. चौकातल्या दुकानदारानं मला वाकड्या रेघांच्या वह्या विकल्या. पानाच्या मध्यावर आली की रेघ पोट काढते. मी परत करायला गेले तर म्हणतो, "मॅडम, सरळच हायेत नं." दुसरी वही काढली, तीही तशीच. मी त्याला चार माणसांत सुनावून आले. तेव्हा माझं अक्षर रेघ सोडून जातंय असं वाटलं तर त्याला मी जबाबदार नाही.

शनिवारी तुझी आई येऊन गेली. हरभऱ्याचे घाटे आणले होते, पिशवीभर, जसं काही मी घोडा आहे. खुर्चीत बसली, पदर तोंडाला लावला आणि पाच मिनिटं नुसती घाटे सोलत राहिली. मी म्हटलं, वंदना, सराव परीक्षेत एकोणीस मार्क पडले हे मला माहीत आहे, तिनं सांगितलं होतं. सत्तरपैकी एकोणीस म्हणजे आभाळ कोसळलं नाही.

"मार्काचं नाई, मॅडम," ती म्हणाली. "थ्या सरानं तिचा पेपर वर्गात वाचून दाखवला."

हे तू मला सांगितलं नव्हतंस.

वंदनाकडून आणि तुझ्या वर्गातल्या मुलींकडून मला काय कळलं ते लिहिते, म्हणजे पुन्हा लपवायचा त्रास नको. प्रश्न चार मार्कांचा होता, कृत्रिम संकर कसा करतात ते लिहा. पुस्तकात उत्तर आहे: मादी म्हणून निवडलेल्या फुलातले पुंकेसर उमलायच्या आधी काढायचे, फुलावर पिशवी बांधायची, ठरलेला पराग लावायचा, परत पिशवी बांधायची. आणि तू, जी दर हंगामात आत्याकडे चिमटा घेऊन हेच काम करतेस, तू पिशवी लिहिलीच नाहीस. कारण सुलतानपुरात कोणी पिशवी बांधत नाही. वर जाळी असते, माशी आत येत नाही, मग पिशवी कशाला. तू लिहिलंस की पिशवीची गरज नाही. आणि पुढे तुझ्या इंग्रजीत लिहिलंस, 'वी कट टू सेपल सो आंटी नो इट इज डन.' क्रॉस झालेल्या फुलाच्या खालच्या दोन हिरव्या पाकळ्या कापायच्या, म्हणजे आत्याला कळतं की हे फूल झालं.

गोपाल सरांनी 'आंटी' हा शब्द दोनदा वाचला. वर्ग हसला. तेव्हापासून मुलं तुला आंटी म्हणतात. तू दोन दिवस गेलीस, तिसऱ्या दिवशी गेली नाहीस.

"मले म्हणाली, आई, मले जे येते थे लिवलं तरी हसतात, अन् जे येत नाई थे लिवताच येत नाई, मंग मी काऊन जाऊ," वंदना म्हणाली. "मी काय सांगू तिले, मॅडम? मी सातवी."

मी तिला चहा दिला. तिला काय सांगितलं ते तिला विचार.

मला या वयात कॉलेजात जाऊन कोणाशी भांडायचं नाही. मी निवृत्त आहे, माझे गुडघे दुखतात, आणि ते कॉलेज आता माझं नाही. मी कुठेही जाणार नाही.

पण एकोणीसबद्दल बोलू. तू मला प्रत्येक प्रश्नापुढे मार्क लिहिलेली ती प्रश्नपत्रिका दाखवलीस तेव्हा मी एक गोष्ट पाहिली होती, तुझा चेहरा पाहून बोलले नाही. पर्यायांच्या प्रश्नांत तुझे जवळजवळ सगळे मार्क आले. समोर चार उत्तरं ठेवली की तुला बरोबर उत्तर दिसतं. जिथे समोर काहीच नाही, नुसत्या कोऱ्या रेघा आहेत, तिथे तू अडलीस. यात बुद्धीचा प्रश्न कुठे आला? सवय कमी पडली, आणि सवय सहा आठवड्यांत लागते. दिवाळीनंतर तू कोऱ्या कागदाचं काम सोडून परत नुसतं वाचायला लागली होतीस ना? खरं सांग. लग्नसराई, आत्याचा फोन, एसटी चुकली, ही कारणं मी नोव्हेंबरमध्ये ऐकली, आणि मी मान डोलावली, कारण वाचन करून तू खूश दिसायचीस. वाचलं की वाटतं आलं. लिहायला बसलं की कळतं आलं नाही, आणि ते कळणं कोणालाच आवडत नाही. मला सिस्टर बर्नडेट पुस्तक काढून घेऊन फरशीवर खडूनं बेडूक काढायला लावायच्या तेव्हा मी रोज मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचे. इंग्रजीत.

रोज एक भाग. पुस्तक मिटून. चित्र आधी, मग नावं, मग वाक्यं. वाक्यं वाकडी असू देत. आणि सगळं एकाच दिवशी एकाच विषयाचं घोकायचं नाही. आज मूत्रपिंड केलं तर उद्या आनुवंशिकता, परवा परत मूत्रपिंड, थोडं विसरल्यावर. विसरलेलं ओढून काढलं की ते घट्ट बसतं. शेडनेटमध्ये सकाळचं काम किती वाजता संपतं? त्यानंतर ऊन चढलं की तासभर तुला कोणी हाक मारणार नाही, विमलबाई स्वतः झोपतात, हे वंदनानं सांगितलं.

घाटे गोड होते.

धम्मशीला मॅडम


मेहकर,
शनिवार, १७ जानेवारी २०२६

रुपाली,

गेले होते.

गोपाल सर मला पाहून खुर्चीतून उठला. "मॅडम, तुम्ही कशाला आल्या, मी आलो असतो नं घरी." शिक्षकांच्या खोलीत आणखी दोघं-तिघं होते, तेही उठले आणि लगेच कामं आठवल्यासारखे बाहेर गेले. हा गोपाल माझा विद्यार्थी आहे, हे तुला मी सांगितलं नव्हतं. पोरगा वाईट नाही. पण वर्गाला हसवल्याशिवाय त्याला आपण शिकवलं असं वाटत नाही.

मी म्हटलं, "गोपाल, अकरावीत तू बेडकाच्या हृदयाला तीनऐवजी चार कप्पे काढले होतेस."

"हो, मॅडम."

"मी ते चित्र वर्गात दाखवलं होतं का?"

"नाही, मॅडम."

"दाखवलं असतं तर काय झालं असतं?"

तो टेबलावरचा पेन सरळ करत राहिला. मग म्हणाला, "मी आलो नसतो परत."

"मग आज मला ही खुर्ची कोणी दिली असती?"

"मॅडम, मी गमतीत वाचलं. पोरं हसली. मला वाटलं, तीपण हसली."

"ती हसलीच असणार," मी म्हटलं. "पन्नास जणांसमोर दुसरं काय करता येतं?"

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, वाटेत पाठ करून गेले होते, पण त्याचे कान लाल झालेले दिसले आणि तो एकदम अकरावीतला दिसायला लागला.

मग मी तुझी उत्तरपत्रिका मागितली. खिडकीपाशी नेऊन वाचली, कारण त्या खोलीतला उजेड भिकार आहे आणि माझा चष्मा बदलायला झाला आहे. आता माझा निकाल ऐक. गोपालनं शून्य दिलं होतं. मी असते तर चारपैकी दीड दिला असता. दीडच. चेहरा पाडू नकोस. तू लिहिलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि तुझं उत्तर तरी अपुरं आहे, या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. पेपर तपासणारा माणूस कुठल्या तरी गावात, गठ्ठ्यातला कितवा तरी पेपर घेऊन बसलेला असतो. त्यानं शेडनेट पाहिलेलं नसतं. तुझी आत्या त्याला माहीत नाही. तू लिहिलंस काय काय करतात. का करतात, हे एकाही ओळीत नाही. पिशवी का बांधतात हे लिहिलं असतंस, आणि मग लिहिलं असतंस की आमच्याकडे तेच काम जाळी करते, तर मी पूर्ण चार दिले असते आणि वर समासात 'छान' लिहिलं असतं, जे मी वर्षातून एकदा लिहायचे.

गोपालला मी हे सगळं सांगितलं. त्यानं शून्य खोडलं. मग म्हणाला की तुझ्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलवर त्याची सही राहिली आहे, ती तो देईल. प्रात्यक्षिक परीक्षा मंगळवारी, ३ फेब्रुवारीला आहे. तिथे तू गेली नाहीस तर लेखी पेपराला काही अर्थ उरत नाही, हे तुला माहीत आहे, आणि तू बहुधा त्याच तारखेची वाट पाहत बसली आहेस, म्हणजे ती निघून गेली की कोणाला काही बोलता येणार नाही.

तो तुला फोन करून माफी मागतो म्हणत होता. मी नको म्हटलं. ज्या वर्गात वाचलं त्याच वर्गात बोल, म्हटलं. तो हो म्हणाला. बोलला की नाही ते मला कळेलच.

पुढच्या आठवड्यात मी एका कामासाठी अकोल्याला जाणार आहे. विशेष काही नाही.

धम्मशीला मॅडम


मेहकर,
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

छकुली,

हे नाव मी कधी लिहीत नाही, कारण हजेरीपटावर रुपाली आहे. आज लिहिते आहे.

बुधवारी मी सुलतानपूरला आले होते. तुला घेऊन जायलाच आले होते, कानाला धरून. फाट्यावर उतरले, विमलबाईंचं शेत विचारलं, बांधाबांधानं चालत आले. हिरव्या जाळीच्या बाहेर पोचले तेव्हा आतून तुझा आवाज आला. कोणाला तरी काम शिकवत होतीस. दोन नव्या बाया असाव्यात.

"उमललेलं फूल घ्याचंच नाई, मावशी. उद्या उमलन अशी कळी घ्याची."

"काऊन वं? फूल तं फूल."

"उमललं म्हंजे त्याचा सोताचा पराग पडून गेला. मंग तुमी दुसरा कितीबी लावा, बी थ्याच झाडाचं धरते. कंपनी फेल करते."

"अन् हे पिवळं?"

"थे पुरं काढाचं. जरासं राह्यलं तं सगळी मेहनत पान्यात. पन मदातल्या दांडीले चिमटा लागू द्याचा नाई, मादी थीच हाय. तिच्या टोकावर उद्या पराग लावाचा."

"आजच काऊन नाई?"

"आज थे तयार नाई. उद्या टोक चिकट होते, मंग पराग धरते."

मग ती बाई म्हणाली, "वा वं पोरी, तू तं मास्तरीन हायेस."

आणि तू म्हणालीस, "मी? मी तं नापास हाय, मावशी." आणि हसलीस. त्याही हसल्या.

मी जाळीच्या अलीकडे उभी होते. आत येऊन तुला झापणं दोन पावलांवर होतं. पण त्या बायांसमोर मी तुला बोलले असते, तर मी आणि गोपाल यांत फरक राहिला नसता. म्हणून परत फाट्यावर गेले. बस तासानं आली. त्या तासात मी रस्त्याच्या कडेला बसून तुझं उत्तर मनात इंग्रजीत करून पाहिलं. एकही शब्द गाळावा लागला नाही. कळी का, पुंकेसर पूर्ण का, आज का नाही. चारपैकी चार.

सरावाच्या पेपरात जे नव्हतं तेच तू त्या दोन बायांना दिलंस, कारण त्या प्रत्येक वाक्यानंतर 'काऊन' विचारत होत्या. कागद विचारत नाही, म्हणून तू सांगत नाहीस. आता माझं एक ऐक. तुझा सगळा अभ्यास त्या बायांना सांग. मूत्रपिंड सांग, हृदय सांग, मेंडेलचे वाटाणे सांग. चिमटा हातात असू दे. तुझ्या बोलीत सांग आणि त्यांना मध्ये बोलू दे. जिथे त्यांच्या 'काऊन'पुढे तू अडशील तिथे बोट ठेव, दुपारी पुस्तकात तेवढंच पाहा, आणि मग ते मिटून इंग्रजीत लिही. आईच्या भाषेत जे नीट सांगता आलं ते इंग्रजीत करायला शब्द लागतात, ते शंभर-दीडशे असतील. ते मी पाठ करून घेईन. समजच नसेल तर शब्दांचं मी काय करू?

दुसरी गोष्ट. ती सांगायची नव्हती.

काल अकोल्याला गेले होते ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यांनी मला चौकटींचा एक कागद दाखवला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात. मी म्हटलं, तुम्हीही त्याच दुकानातून आणल्या वाटतं. ते हसले नाहीत. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर पिवळा ठिपका असतो, मी जन्मभर फळ्यावर काढला, सगळ्यात स्पष्ट तिथे दिसतं. माझ्या उजव्या डोळ्यातला तो झिजला आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. इंजेक्शनं देणार आहेत. त्यानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील. म्हणजे पुढच्या वर्षी तू फाटकातून आलीस तर मला कळेल. तू कागद पुढे केलास तर त्यावर काय लिहिलंय ते कळणार नाही.

हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. वाईट वाटून कोणी पास होत नाही. 'पुढच्या वर्षी पाहू' हे माझ्या बाबतीत होणार नाही, एवढी माहिती द्यावी म्हणून लिहिलं. ज्या बाईला तू निरोप पाठवलास तिच्याकडे हे एकच वर्ष आहे, आणि ते तिला तुझे पेपर तपासण्यात घालवायचं आहे. दुसरं तिला काही सुचत नाही.

दुकानदाराची माफी मागून आले. त्यानं मला फुकट पेन दिलं, ते मी घेतलं नाही.

धम्मशीला मॅडम


मेहकर,
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

छकुली,

काल वंदनाचा फोन आला. झेंडावंदनाहून आल्यावर तुझ्याशी बोलणं झालं म्हणाली. ती पत्रं पोचली, सगळी वाचली, हेही कळलं. मी विचारलं, मग काय म्हणाली? वंदना म्हणे, "जास्त काई नाई बोलली, मॅडम. म्हणे, मॅडमले सांग, अशा उनात जाळीच्या बाहीर उभं नोको राहात जाऊ."

म्हणजे तू मला पाहिलं होतंस. पाहिलंस आणि बायांना शिकवत राहिलीस. 'मी नापास हाय' हे तू मला ऐकवलंस की त्यांना, याचा मी रात्रभर विचार करणार नव्हते, पण केला. आणि मी बांधावरून परत जाताना तू हाक मारली नाहीस. पहिल्यांदा मला याचा फार राग आला. मग वाटलं, हाक मारली असतीस तर माझा चेहरा तुला दिसला असता, आणि तो त्या वेळी दिसण्यासारखा नव्हता. तेव्हा तुला एक मार्क.

वंदनानं आणखी एक सांगितलं. त्या दोघींपैकी म्हातारी बाई रोज सकाळी तुला विचारते, "काल रक्त फुप्फुसात गेलं, आज कुठी जाते?" आणि विमलबाई वैतागल्या आहेत, कारण सगळ्या बाया हात थांबवून ऐकत बसतात. मी विमलबाईंना स्वतः फोन केला. म्हटलं, पोरीला ३ तारखेपुरतं सोडा, मी क्रॉसिंगला दोन बाया पाठवते. त्या म्हणाल्या, "मी कुठी धरून ठेवलं, बाई? तिचं तिलेच इचारा. शाळंचं नाव काढलं का थे आंघोळीले जाते."

तर तुलाच विचारते.

गोपाल बोलला. वर्गात, उभं राहून. मला दोन मुलींनी येऊन सांगितलं, मी न विचारता. म्हणाल्या, मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं की दोन पाकळ्या कापल्यावर फूल मरत नाही का. गोपालला उत्तर येत नव्हतं. तो म्हणाला, रुपाली आली की तिला विचारू. तेव्हा तिथे तुझी वाट पाहणारा एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मलाही माहीत नाही. अंदाज आहे. अंदाजाला मी मार्क देत नाही.

तुला भीती वाटते हे मला कळतं. परत त्याच दारातून आत जायचं, त्याच बाकावर बसायचं, आणि एवढं करूनही मार्क कमी पडले तर सगळ्यांचं हसणं खरं ठरेल, ही ती भीती. हसणं मी थांबवू शकत नाही. पण तू नापास झालीस तरी माझ्याकडे येशील, तोंड लपवून सुलतानपूरला जाणार नाहीस, एवढं मला हवं आहे. पास होणं त्याच्यानंतर. हे वाक्य मी कोणत्याही विद्यार्थ्याला कधी लिहिलं नव्हतं आणि तू ते कोणाला दाखवू नकोस.

आता माझी मागणी. शनिवारी, ३१ जानेवारीला, संध्याकाळी पाचच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात हवं. टपालाला वेळ पुरणार नाही, दुपारच्या मेहकर बसच्या कंडक्टरजवळ पाकीट दे, मी स्टँडवर थांबेन. फोन चालणार नाही. आईकडून निरोप चालणार नाही. जोडलेल्या हातांचं चित्र तर मुळीच चालणार नाही. काळ्या शाईनं, मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून एक.

मंगळवारी प्रात्यक्षिकाला येतेस की नाही, एवढंच विचारते आहे. येत असशील तर एक शब्द पुरे, त्याला मी पूर्ण मार्क देईन. येत नसशील तर दोन पानं लिहायची, आणि प्रत्येक ओळीला कारण द्यायचं. कारण न दिलेली ओळ मी वाचणार नाही. बाकीच्या सगळ्या वाचेन, खिडकीत बसून, सावकाश, जितका वेळ लागेल तितका.

शनिवार. संध्याकाळी पाच. लेखी.

तुझी,
धम्मशीला मॅडम